सीजे-३बी जीपचा टी-९० गिअरबॉक्स: दुसरा गिअर का सुटतो आणि बॉक्स घरी कसा बांधायचा

प्रश्न असा आहे: महिंद्राची पेट्रोल सीजे-३बी, तीन गिअरचा मूळ बॉक्स (टी-९०). उतारावर अ‍ॅक्सिलरेटर सोडला की दुसरा गिअर आपोआप न्यूट्रलमध्ये येतो, पहिला टाकताना दात खरखरतात आणि क्लचच्या कप्प्यातून तेल गळतं. मेकॅनिक पूर्ण गिअर सेट बदलायला सांगतोय. बॉक्स घरी उतरवून बांधता येईल का?

येईल. पण गिअर सेटची ऑर्डर आज देऊ नका. टी-९० हा ओतीव लोखंडाचा, साधा आणि दणकट बॉक्स आहे. त्यात दात खराब होऊन गाडी बंद पडण्यापेक्षा जागोजागी खेळ वाढून गिअर सुटण्याचे प्रकार जास्त. खेळ कुठे आहे ते मोजल्याशिवाय नवे गिअर घातले तर दुसरा पुन्हा सुटणार, फक्त खिसा हलका झाल्यावर. आणि पहिल्या गिअरची खरखर हा दोष असेलच असं नाही. या बॉक्समध्ये सिंक्रोनायझर (गिअर जुळण्याआधी दोघांचा वेग सारखा करणारी यंत्रणा, थोडक्यात सिंक्रो) फक्त दुसऱ्या-तिसऱ्याला आहे. पहिला आणि रिव्हर्स हे सरळ दातांचे सरकते गिअर आहेत. गाडी पूर्ण थांबलेली असताना, क्लच दाबून दोन-तीन सेकंद थांबूनही पहिला खरखरत असेल, तर क्लच पूर्ण सुटत नाही किंवा क्रँकशाफ्टच्या टोकातला पायलट बुश इनपुट शाफ्टला (क्लचमधून बॉक्समध्ये येणारा दांडा) धरून ठेवतोय. पेडलचा मोकळा खेळ सुमारे १ इंच आहे का ते आधी बघा.

आवाजावरूनही बरंच कळतं. तिसरा गिअर थेट आहे, इंजिनाचा जोर क्लस्टर गिअरमधून (खालच्या काउंटरशाफ्टवर फिरणारे, एकाच तुकड्यातले गिअर) जात नाही. म्हणून पहिल्या-दुसऱ्यात घरघर आणि तिसऱ्यात शांत असेल तर संशय क्लस्टरच्या रोलरवर. न्यूट्रलमध्ये आवाज येतो आणि क्लच दाबल्यावर थांबतो, तर इनपुटचं बेअरिंग किंवा पुन्हा क्लस्टर. गाडी चालताना सगळ्याच गिअरमध्ये सारखा आवाज असेल तर गिअरबॉक्सला दोष देण्याआधी मागच्या ट्रान्सफर केसकडे (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणारी पेटी) बघा. दुसऱ्याऐवजी तिसरा सुटत असेल तर इंजिन आणि बॉक्स एका रेषेत नसण्याची शक्यता मोठी: बेल हाऊसिंग (क्लचभोवतीचं आवरण), पायलट बुश, इंजिनाचे रबर माउंटिंग.

बॉक्स न उतरवता तीन गोष्टी तपासता येतात, आणि त्या तपासल्याच पाहिजेत.

पहिली, मेनशाफ्टचा (बॉक्समधून जोर बाहेर नेणारा दांडा) नट. ट्रान्सफर केसच्या मागच्या बाजूला, गिअरबॉक्सच्या रेषेत, पाच बोल्टांचं एक गोल झाकण असतं. ते काढलं की मेनशाफ्टच्या टोकावरचा ट्रान्सफर केसचा ड्राइव्ह गिअर, त्याचा नट आणि कॉटर पिन दिसते. या एका नटाने मागचं बेअरिंग, मधले भाग आणि हा गिअर एकत्र आवळलेले असतात. तो ढिला झाला की अख्खा मेनशाफ्ट मागेपुढे सरकतो आणि उतारावर उलटा जोर आला की दुसरा सुटतो. गिअरला हाताने धरून मागेपुढे ओढून बघा. टकटक जाणवली तर नट आवळून, नवी कॉटर पिन घालून आधी गाडी चालवा. कित्येक जीपांचा आजार इथेच संपतो.

दुसरी, शिफ्ट कव्हर. फ्लोअरवरची पत्र्याची झाकणपट्टी काढली की गिअर लीव्हरसकट वरचं कव्हर जागेवरच सुटतं. त्यात दोन सळया आहेत: एक पहिला-रिव्हर्सची, दुसरी दुसरा-तिसऱ्याची. प्रत्येकीवर खाच, खाचेत बसणारी गोळी आणि तिच्यामागे स्प्रिंग. शिवाय दोन्ही सळयांच्या मध्ये एक इंटरलॉक पिन. कव्हर टेबलावर धरून एक सळई सरकवा. दुसरी जराही हलता कामा नये. हलली तर इंटरलॉक झिजलाय किंवा मागच्या वेळी कोणीतरी घालायलाच विसरलंय, आणि एक दिवस बॉक्स दोन गिअरमध्ये एकदम अडकणार. गोळी खाचेत बसताना ठसठशीत झटका जाणवला पाहिजे. सळई लोण्यातून गेल्यासारखी सरकली तर स्प्रिंग मेली आहे किंवा खाचेच्या कडा गोल झाल्या आहेत. सळईवरच्या फोर्कच्या टोकांची जाडी आणि त्याने सरकणाऱ्या स्लीव्हमधल्या (गिअर धरणारं सरकतं कडं) खाचेची रुंदी यांतला फरकही बघा. टोकं एका बाजूने चमकून पातळ झाली असतील तर स्लीव्ह पूर्ण आत जातच नाही, दात अर्धेच धरतात. सळया काढायची वेळ आली तर भोकावर फडकं धरा, गोळी छतापर्यंत उडते.

तिसरी, कव्हर उघडं असतानाच टॉर्च लावून आत बघा. दुसऱ्या गिअरच्या बाजूला असलेले छोटे दात, ज्यांवर स्लीव्ह चढते, ते टोकाकडे निमुळते झाले असतील तर मात्र बॉक्स उतरवण्याला पर्याय नाही. तेल दुधाळ असेल तर पाणी गेलंय. कोकणातल्या पावसात लीव्हरचा रबरी बूट फाटका असेल तर हे हमखास होतं, आणि रोलरवर गंजाचे खड्डे पडलेले सापडतात.

आता उतरवण्याकडे. या जीपच्या बाबतीत सगळ्यात आधी लक्षात ठेवायची गोष्ट सुरक्षिततेची आहे. हँडब्रेकचा ड्रम ट्रान्सफर केसच्या मागे, प्रोपेलर शाफ्टवर असतो, चाकांवर नाही. मागचा शाफ्ट सोडला की हँडब्रेक ओढलेला असूनही गाडी मोकळी असते. शाफ्ट जोडलेला असतानासुद्धा मागचं एक चाक उचललं तर डिफरन्शियलमुळे गाडी घसरू शकते. म्हणून सपाट काँक्रीट, चारही चाकांना पुढे-मागे ठोकळे, चॅसिसखाली घोड्या, आणि बॅटरीची वायर काढलेली. विटांच्या थरावर गाडी ठेवून खाली झोपू नका.

हत्यारं इंची लागतात: ७/१६, १/२, ९/१६, ५/८, ३/४. घरात फक्त मिलिमीटरचे पाने असतील तर १९ चा पाना ३/४ ला आणि १६ चा ५/८ ला चालतो, पण ९/१६ ला १४ चा चढत नाही आणि १५ चा कडा गोल करतो. या एका मापासाठी तरी इंची सॉकेट आणा. त्याशिवाय दोन जॅक (एक ट्रॉलीचा), फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या), पितळी सळई, सर्क्लिपचा पक्कड, बेअरिंग पुलर आणि डायल गेज. डायल गेज मागून आणला तरी चालेल.

गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस एकत्रच उतरवायचे. जोडी ७० किलोच्या पुढे जाते, छातीवर घेण्याचा विचारही नको. दोन्हीतलं तेल गरम असताना काढा. फ्लोअरची झाकणपट्टी, गिअर लीव्हर आणि ट्रान्सफरचे लीव्हर सोडा; लीव्हरांच्या आडव्या पिनेला लॉक स्क्रू असतो, तो आधी काढा, नाहीतर पिन ठोकून वाकते. दोन्ही प्रोपेलर शाफ्ट ट्रान्सफर केसच्या बाजूला यू-बोल्टांपासून सोडा आणि क्रॉसच्या टोप्या लगेच चिकटपट्टीने बांधा, नाहीतर सुया अंगणात सांडतील. स्पीडोमीटरची केबल, हँडब्रेकची केबल, क्लचची जोडणी. मग एक जॅक लाकडी फळी घालून इंजिनाच्या मागच्या बाजूला ऑइल पॅनखाली, दुसरा गिअरबॉक्सखाली. मागच्या रबर माउंटिंगचे नट, ट्रान्सफर केसच्या स्नबरचा (तिचे हेलकावे रोखणारा रबर) बोल्ट आणि शेवटी क्रॉसमेंबरचे चॅसिसला जाणारे बोल्ट. क्रॉसमेंबर निघाल्यावर इंजिन फक्त जॅकवर आहे हे विसरू नका. बेल हाऊसिंगचे चार बोल्ट काढण्यासाठी मागची बाजू थोडी खाली घ्यावी लागते. तेव्हा रेडिएटरचा वरचा होज आणि एक्झॉस्टचा जोड ताणला जात नाही ना ते कोणाला तरी वरून बघायला सांगा.

बोल्ट निघाले की वरच्या दोन भोकांत डोकं कापलेले लांब बोल्ट घाला. बॉक्स त्यांवरून सरळ मागे सरकतो. गाईड बोल्टांशिवाय ओढला तर इनपुट शाफ्ट अजून क्लच प्लेटमध्ये असताना बॉक्सचं वजन त्यावर लटकतं आणि प्लेटचा हब वाकतो. मग नंतर क्लच थरथरतो आणि दोष नव्या प्लेटला जातो.

ट्रान्सफर केस वेगळी करताना बहुतेकांचा घात होतो. मेनशाफ्टचं टोक ट्रान्सफर केसमध्ये आहे, त्यामुळे केस मागे ओढली की शाफ्टही तिच्यासोबत यायला बघतो. पुढच्या टोकावरचे पायलट रोलर बॉक्समध्ये पडतात आणि सिंक्रोची रिंग जागा सोडते. उपाय तारेचा आहे. मागचं झाकण काढून मेनशाफ्टचा नट, वॉशर आणि ड्राइव्ह गिअर काढा. गिअर हाताने येत नसेल तर पुलर लावा, पात्याने उचकू नका. शिफ्ट कव्हर काढा. दुसऱ्या गिअरच्या लगेच मागे मेनशाफ्टभोवती जाड तार गुंडाळून तिची दोन टोकं गिअरबॉक्सच्या वरच्या तोंडावर पुढच्या डाव्या-उजव्या बोल्टांना पिळून घट्ट बांधा. आता ट्रान्सफरचे बोल्ट काढा, शाफ्टच्या टोकावर पितळी सळईने हलके ठोके द्या आणि केस मागे घ्या. मागचं बेअरिंग ट्रान्सफर केसमध्येच राहायला हवं.

बॉक्स टेबलावर आल्यावर उघडण्याआधी एक माप घ्या: क्लस्टर गिअर पुढे ढकलून, वॉशर आणि केस यांच्यामधली फट फिलर गेजने. ती ०.०१२ ते ०.०१८ इंच, म्हणजे ०.३० ते ०.४६ मिमी असायला हवी. जास्त असेल तर थ्रस्ट वॉशर झिजलेत. मागचा स्टीलचा वॉशर वेगवेगळ्या जाडीत मिळतो, तो निवडूनच हा खेळ बसवायचा असतो. सेटमध्ये आला तोच घातला तर माप जमेलच याचा भरवसा नाही.

बॉक्सच्या मागच्या तोंडावर काउंटरशाफ्ट आणि रिव्हर्स आयडलरचा (रिव्हर्ससाठी दिशा उलटवणारा मधला गिअर) शाफ्ट या दोघांच्या खाचांत बसलेली एक लॉक प्लेट दिसेल. ती काढा. पुढचं बेअरिंग रिटेनर तीन बोल्टांचं आहे. काही बॉक्समध्ये आत पत्र्याचा तेल गोळा करणारा भाग स्क्रूने बसवलेला असतो, तोही सुटा करा. मग काउंटरशाफ्ट पुढून मागे ठोकायचा, पण त्याच्या मागोमाग डमी शाफ्ट घालत. डमी लेथवाल्याकडून करून घ्या: जाडी मूळ शाफ्टपेक्षा ०.१ ते ०.२ मिमी कमी, लांबी क्लस्टर आणि वॉशर मिळून होईल इतकीच, केसच्या आतल्या रुंदीपेक्षा किंचित आखूड. डमी आत राहिला की रोलर जागेवर राहतात आणि क्लस्टर अलगद तळाशी बसतो. त्यामुळे वर जागा होते आणि मेनशाफ्ट वरच्या तोंडातून तिरका करून निघतो; त्यानंतर इनपुट गिअर, क्लस्टर आणि सगळ्यात शेवटी रिव्हर्स आयडलर. वॉशर कोणत्या बाजूला, कोणत्या तोंडाने होते त्याचे फोटो काढा. सिंक्रोचा हब आणि स्लीव्ह एकमेकांवर कसे बसले होते त्यावर मार्करने खूण करा; ते एकमेकांना घासून बसलेले असतात.

रॉकेलने धुऊन, हवा मारून मगच तपासा. बेअरिंग कोरडं असताना हवेने गरगर फिरवू नका. काउंटरशाफ्टवर नख फिरवा: नख अडलं, पोपडे किंवा खड्डे दिसले तर शाफ्ट आणि रोलर दोन्ही नवे. एकटा शाफ्ट बदलणं म्हणजे नव्या चपलेला जुना तळ. क्लस्टरच्या आतल्या भोकाकडेही तेवढ्याच संशयाने बघा. केसमधलं काउंटरशाफ्टचं भोक लंबगोल झालं असेल तर क्लस्टर कलतो, दात एका कडेने घासतात आणि पुढून तेल गळतं. अशी केस मशीन शॉपमध्ये स्लीव्ह मारून घेता येते. पितळी सिंक्रो रिंग गिअरच्या शंकूवर दाबून पिळा. पकडली पाहिजे. रिंग आणि गिअरच्या दातांमधली फट नव्या रिंगशी ताडून बघा. जुनीची फट निम्म्यावर आली असेल तर रिंग संपली. आतल्या बारीक रेषा गुळगुळीत झाल्या असतील तर ती तेल कापत नाही, म्हणून पकडत नाही.

सुटे भाग पुण्यात नाना पेठेत आणि मुंबईत ऑपेरा हाऊसला शोधता येतात, पण दुकानात जुना भाग हातात घेऊनच जा. महिंद्राच्या पुढच्या काळातल्या चार गिअरच्या बॉक्सचे भाग यात चालत नाहीत, आणि ‘जीपचा सेट’ एवढंच सांगितलं तर कोणताही डबा पुढे येईल. नव्या गिअरच्या दाताच्या कडेवर बारीक कानस एकदा फिरवून बघा. कानस घसरली पाहिजे. तिने धातू खरवडला तर दात कडक केलेला नाही, तो सेट परत. बेअरिंगचा नंबर जुन्या रिंगवरून वाचून नामांकित कंपनीचंच घ्या. हे बाजारात कुठेही मिळतं, त्यात काटकसर नको.

जुळवणीत घाई होण्याची जागा सिंक्रो हबची आहे. तीन प्लेटा आणि दोन स्प्रिंग. एका बाजूच्या स्प्रिंगचं वाकलेलं टोक ज्या प्लेटमध्ये घालाल, दुसऱ्या बाजूच्या स्प्रिंगचंही टोक त्याच प्लेटमध्ये घालायचं, म्हणजे दोघींचा ताण उलट दिशांना राहतो. दोन्ही टोकं वेगळ्या प्लेटमध्ये गेली तर प्लेटा असमान दाबल्या जातात आणि रिंग तिरकी चढते.

क्लस्टरचे रोलर व्हॅसलिन किंवा पातळ ग्रीसने चिकटवा. जाड ग्रीस नको. उघडताना निघाले तेवढे मोजून ठेवा, पण आकड्यावरच विसंबू नका, कारण आधीच्या कोणीतरी एखादा हरवलेला असू शकतो. ओळ पूर्ण भरल्यावर उरलेली फट एका रोलरपेक्षा कमी असली पाहिजे. इनपुट गिअरमधल्या पायलट रोलरांनाही हाच नियम. आधी रिव्हर्स आयडलर बसवा, मग डमीसकट क्लस्टर तळाशी, पण त्याच्या दोन्ही टोकांखालून नायलॉनच्या दोऱ्या काढून बाहेर सोडा. इनपुट गिअर, मग वरून मेनशाफ्ट. आता दोऱ्या उचलल्या की क्लस्टर वर येऊन दातांत बसतो, आणि मागून खरा काउंटरशाफ्ट घालत डमी पुढे ढकलायचा. शाफ्टच्या पुढच्या कडेला आणि केसच्या भोकाला सीलंट लावा. तुमच्या क्लचमध्ये येणाऱ्या तेलाची एक वाट हीच असते. दोन्ही शाफ्टांच्या खाचा समोरासमोर ठेवून लॉक प्लेट घाला आणि ती केसच्या तोंडाबाहेर उभी राहत नाही ना ते बघा, नाहीतर ट्रान्सफर केस सपाट टेकणार नाही.

गळतीची दुसरी वाट पुढचं रिटेनर. त्यातल्या तेल परत जाण्याच्या खाचेसमोर केसचं भोक आलं पाहिजे आणि पॅकिंग त्याच्या आड येता कामा नये. घरी कापलेल्या पॅकिंगमध्ये ही चूक नेहमी होते. ब्रीदर (बॉक्समधली गरम हवा बाहेर सोडणारं भोक) चोंदलेला असेल तर सगळं बरोबर बसवूनही गरम झाल्यावर तेल बाहेर ढकललं जातं, तेव्हा तोही साफ करा.

कव्हर लावण्याआधी खडूची खूण करून हाताने फिरवा. पहिल्यात मेनशाफ्टच्या एका फेऱ्याला इनपुटचे सुमारे २.८, दुसऱ्यात १.५५, तिसऱ्यात बरोबर १, रिव्हर्समध्ये सुमारे ३.८ फेरे. कुठेही जड लागलं तर उघडा. गाडी चालली की मोकळं होईल हा समज महागात पडतो.

ट्रान्सफर केस सुटीच आहे तर तिचा इंटरमीजिएट शाफ्ट काढून बघाच, कारण तो आणि त्याचे रोलर या केसचं सगळ्यात लवकर झिजणारं अंग. तो शाफ्ट गाडीच्या वर्षानुसार वेगवेगळ्या जाडीचा येतो, म्हणून मोजून घ्या. आउटपुट शाफ्टचा खेळ शिम (पातळ पत्र्याच्या चकत्या) घालून ०.००४ ते ०.००८ इंच.

चढवण्याआधी बेल हाऊसिंगच्या भोकाची गोलाई फ्लायव्हीलवर डायल गेज लावून तपासा, फरक ०.००५ इंचाच्या आत हवा. पायलट बुश नवा घाला, किंमत किरकोळ आहे. क्लच प्लेट मध्यावर आणायला जुना इनपुट शाफ्ट वापरा (१० दात, १ १/८ इंच). गाईड बोल्टांवरून बॉक्स पुढे ढकलताना दात जुळत नसतील तर गिअर टाका आणि मागच्या फ्लँजने फिरवा. ट्रान्सफरही हायमध्ये असली पाहिजे, न्यूट्रलमध्ये फ्लँज नुसतीच फिरेल. शेवटचा अर्धा इंच बोल्ट आवळून ओढू नका, बॉक्स हाताने टेकला पाहिजे. बोल्टांनी ओढलं तर केसचा कान तुटतो.

तेल एसएई ९० खनिज, जीएल-१ किंवा जीएल-४ (डब्यावर लिहिलेली गिअर तेलाची श्रेणी). जीएल-५ नको: त्यातली जादा दाबासाठीची रसायनं पितळाला मानवत नाहीत आणि सिंक्रो रिंगला हवं असलेलं घर्षणही कमी करतात. बॉक्समध्ये सुमारे १.२ लिटर, ट्रान्सफरमध्ये सुमारे १.५. दोन्ही आतून भोकाने जोडलेले आहेत, तरी दोन्ही आपापल्या फिलरमधून, फिलरच्या तोंडापर्यंत भरा. एकाच बाजूने भरून पातळी सारखी होण्याची वाट बघितली तर माप चुकतं.

पहिल्या दोन-तीनशे किलोमीटरनंतर क्रॉसमेंबर आणि माउंटिंगचे बोल्ट पुन्हा आवळा आणि तेल पांढऱ्या ताटात काढून बघा. पितळेची सोनेरी झाक दिसली तर नव्या रिंगा बसत आहेत, चिंता नाही. चुंबकाला चिकटणारे सुईसारखे तुकडे सापडले तर गाडी उभी करा आणि आधी क्लस्टरचे रोलर तपासा.